किळस, विटाळ आणि साथ

रोगाच्या भीतीने माणूस कसा वागतो, या प्रश्नाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्राने एक देखणे उत्तर दिले आहे. ते थोडक्यात असे. शरीराला जशी रोगप्रतिकारशक्ती असते, तशी वर्तनालाही असते. जंतू शरीरात शिरल्यावर त्याच्याशी झुंजणे महागात पडते. ताप येतो, अंगातले बळ जाते, प्रसंगी जीवही जातो. त्यापेक्षा तो शरीरात शिरूच नये अशी खबरदारी घेणे स्वस्त. म्हणून उत्क्रांतीने माणसाला किळस दिली. नासलेले अन्न, वाहती जखम, अनोळखी माणसाची शिंक यांपासून आपण विचार करण्याआधीच मागे सरतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मार्क शॅलर यांनी या यंत्रणेला दिलेल्या नावाचे मराठी ‘वर्तनाची प्रतिकारशक्ती’ असे करता येईल.

इथवर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही. वाद आहे तो या उत्तराच्या पुढच्या पायरीशी. ती पायरी अशी, की परक्या माणसाबद्दलचा संशय, आपल्याच गोतात राहण्याची ओढ, रूढी मोडणाऱ्याबद्दलचा राग, हे सारेही मुळात जंतूंपासून बचाव करण्याचेच प्रकार आहेत. ही पायरी जपून चढायला हवी असे मला वाटते, आणि महाराष्ट्रातील वाचकाने तर विशेषच. कारण परक्याचा संशय ही जर निसर्गाने दिलेली लस असेल, तर अस्पृश्यता ही काय होती, या प्रश्नाचे एक आयते आणि सोयीचे उत्तर तिथे तयार होते. ते उत्तर पुराव्याला उतरते का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

सिद्धांताचे बळ

आधी सिद्धांताच्या पदरात त्याचे माप टाकू. किळस ही निव्वळ संस्काराची बाब नाही, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमधील व्हॅल कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनेक देशांतील सुमारे ४०,००० लोकांना छायाचित्रे दाखवून ती किती किळसवाणी वाटतात हे विचारले होते. निळ्या द्रवाने माखलेले कापड आणि पू-रक्ताचा भास होणाऱ्या द्रवाने माखलेले कापड, अशा त्या जोड्या होत्या. जिथे रोगाची शक्यता अधिक, तिथे किळस अधिक, हा कल सर्वत्र दिसला. प्राण्यांतही याचे मूळ सापडते. कॅरिबियन समुद्रातले काटेरी शेवंड एरवी कळपाने बिळात राहतात, पण विषाणूची बाधा झालेला सोबती ते टाळतात.

ही यंत्रणा हळवी आहे, आणि ते हळवेपण मुद्दामच आहे. धुराची घंटा पोळी करपली तरी वाजते. पण आग लागली असता न वाजण्यापेक्षा शंभरदा उगाच वाजलेली परवडते. पॉल रोझिन यांच्या १९८६ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात पूर्ण निर्जंतुक केलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढल्यावर लोकांनी तो रस नको म्हटले. रसात अपाय नाही हे त्यांना ठाऊक होते. जीभ मात्र ऐकेना.

या हळवेपणातूनच पुढचा युक्तिवाद निघतो. घंटा जर उगाच वाजत असेल, तर ती रोग्यापुरतीच का थांबेल? वेगळ्या रंगाचा, वेगळ्या वासाचा, वेगळे अन्न खाणारा माणूस दिसला तरी ती वाजेल. परक्याच्या अंगावर आपल्या शरीराला अनोळखी जंतू असण्याचा संभवही असतोच. कोरी फिंचर आणि रँडी थॉर्नहिल यांनी याच धाग्यावर देशोदेशींची तुलना मांडली: जिथे रोगराई अधिक, तिथले समाज अधिक गोतप्रिय, अधिक रूढिप्रिय. २०१४ साली त्यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथही आला.

भारताचे नाव या चर्चेत आधीच येऊन गेले होते. विल्यम मॅकनील या अमेरिकी इतिहासकाराने १९७६ साली साथींच्या इतिहासावरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात अशी शक्यता वर्तवली होती की, गंगेच्या खोऱ्यात आलेल्यांना तिथल्या अरण्यवासी लोकांच्या अंगवळणी पडलेले रोग झेपत नसावेत आणि स्पर्शाचे निर्बंध, म्हणजे पुढे जातिव्यवस्थेतील विटाळ, काही अंशी त्या भीतीतून आले असावेत. मॅकनील यांनी ती शक्यता म्हणूनच मांडली. पण आपल्याकडे हीच गोष्ट ठाम सुरात सांगणारे पुष्कळ भेटतात. सोवळे म्हणजे जुन्या काळचे निर्जंतुकीकरण, हे वाक्य कोणत्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळते, आणि २०२० नंतर तर ते जरा अधिकच अभिमानाने बोलले जाऊ लागले.

देवी आणि महारोग

सिद्धांत खरा असेल तर एक साधी अपेक्षा ठेवता येईल. रोग जितका सांसर्गिक आणि जितका दिसायला भयंकर, तितके रोग्याला टाळणे अधिक. आपल्याच घरातले दोन जुने रोग या मापाने मोजून पाहू.

देवीचा रोग हा माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत सांसर्गिक आणि मारक रोगांपैकी एक. अंगभर पुवाचे फोड, दुर्गंधी, वाचला तर जन्माचे व्रण. किळस यावी अशा सगळ्या खुणा त्यात हजर. आणि तरीही मराठी घरांत या रोगाला नाव मिळाले ते ‘देवी’. मुलाला रोग झाला असे न म्हणता घरात देवी आल्या असे म्हणत. रोग्याच्या उशाशी कडुलिंबाचे डहाळे असत, घरात फोडणी दिली जात नसे, बाहेरच्यांची ये-जा कमी केली जाई. यात विलगीकरणाचा अंश होता हे खरे. पण रोग्याकडे पाहण्याचा भाव तिरस्काराचा नव्हता. तो आदराचा, धास्तावलेल्या आदराचा होता. उतार पडल्यावर देवीची पाठवणी व्हायची.

आता महारोग घ्या. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली शोधला. हा रोग फार सावकाश आणि अवघड रीतीने पसरतो. बहुसंख्य माणसांना तो निसर्गतःच होत नाही. १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचारांनी तो पूर्ण बराही होतो. तरी त्याच्या वाट्याला आलेला बहिष्कार देवीच्या रोग्याने कधी पाहिला नाही. गावाबाहेरची झोपडी, तुटलेली सोयरीक, भिकेचा कटोरा. इंग्रज सरकारने १८९८ साली केलेला कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांच्या पुस्तकांतून संसदेने काढले ते २०१९ साली, म्हणजे औषध आल्यावर जवळजवळ चार दशकांनी.

दोन्ही रोग चेहरा विद्रूप करणारे. जो झपाट्याने पसरतो त्याच्या रोग्याला घरात देव्हाऱ्याशेजारी जागा, आणि जो क्वचितच पसरतो त्याला गावकुसाबाहेर. किळस दोन्हीकडे असणारच. पण तिचे पुढे काय करायचे, तिला हात जोडायचे की काठी उगारायची, हे किळसेने ठरवले नाही. एका रोगाला समाजाने पाहुणी देवता मानले, दुसऱ्याला पूर्वजन्मीचे पाप. फरक त्या अर्थाचा आहे.

मुंबई, १८९६

रोगाची भीती आणि समाजाची घडी यांचा संबंध आपल्याकडे सर्वांत उघडपणे दिसला तो प्लेगाच्या पहिल्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्याच्या गाठी पाहून हा ग्रंथिक ज्वर असल्याचे निदान केले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांपर्यंत त्यातील निम्म्याच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात, तेव्हा मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजून द्यावी लागली.

पळणे ही रोगाच्या भीतीची सर्वांत जुनी कृती, तेव्हा सिद्धांताला इथे पहिला गुण द्यायला हरकत नाही. पण लोक नक्की कशापासून पळत होते, हे पाहायला हवे. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्याला सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना मिळाला. महिनाअखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. मार्च १८९८ मध्ये मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली. रोग्यापासून दूर पळणारी माणसे प्लेगच्या रुग्णालयावर चालून जात नाहीत. त्यांना भीती होती ती आपला माणूस त्या दारातून आत गेला की परत येणार नाही याची.

त्या काळच्या सरकारी कागदांतली सर्वांत मोठी तक्रार तर सिद्धांताच्या थेट उलट जाते. लोक रोग्याला टाळतात, अशी ती तक्रार नव्हती. लोक रोग्याला लपवतात, अशी होती. माळ्यावर, कणगीमागे, पांघरुणाखाली, शेजारच्या गावातल्या बहिणीच्या घरी. गाठ आलेल्या मुलाला कुशीत घेऊन आई रात्र काढत होती, आणि पथक आले की तो झोपला आहे असे सांगत होती. आपल्या माणसासाठी किळस मावळते, असे सिद्धांताचे पुरस्कर्ते यावर म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण मग जी यंत्रणा ऐन मरणाच्या साथीत, सर्वांत जवळच्या आणि म्हणून सर्वांत धोक्याच्या रोग्यापाशी गप्प बसते, तिच्यावर समाजाच्या साऱ्या घडणीचा भार टाकता येईल का?

ज्यांना जाऊ देता येत नव्हते

मुंबईच्या त्या वर्षाच्या इतिहासातली माझ्या मते सर्वांत बोलकी नोंद आयुक्त स्नो यांच्या अहवालातून पुढे येते. सक्तीचे नियम सैल करण्यामागे एक मोठे कारण असे होते की, शहरातले हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे सफाई कामगार, घाबरून निघून जातील अशी पालिकेला धास्ती वाटत होती. व्यापारी गेले तर व्यापार बसेल, गिरणी कामगार गेले तर गिरण्या बंद पडतील. पण हलालखोर गेले तर शहरच राहण्याजोगे उरणार नाही, हे प्रशासनाला पुरते उमगले होते.

विटाळाचा उगम रोगाच्या भीतीत आहे असे मानणाऱ्यांनी या नोंदीसमोर थांबायला हवे. ज्याच्या स्पर्शाने बाकीचे बाटतात असे मानले जाई, तोच रोगाचे घर साफ करणारा होता. तो रोग आणत नव्हता, उचलून नेत होता. जंतूंच्या हिशेबाने पाहिले तर समाजाने त्याला साबण, पाणी, हवेशीर घर आणि चांगला पगार सर्वांत आधी द्यायला हवा होता, कारण तो आजारी पडला तर सर्वांचा धोका वाढतो. विटाळाच्या हिशेबाने त्याला सर्वांत कमी पाणी आणि सर्वांत कोंदट जागा मिळाली. एकाच माणसाबाबत हे दोन हिशेब विरुद्ध दिशांना जातात. तेव्हा दुसरा हिशेब पहिल्यातून आला असे म्हणणे अवघड आहे.

हा विरोध महाडला तर सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडा पडला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्या तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती यांना मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. त्यानंतर सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने? दूध-दह्यासोबत गोमूत्र आणि शेण घातलेल्या घागरी त्यात ओतून. आरोग्यखात्याच्या कोणत्याही कारकुनाला विचारा, पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे याला तो काय म्हणेल. सोवळे म्हणजे जुन्या काळचे निर्जंतुकीकरण असते, तर त्या दिवशी तळ्यात पडायला हवा होता चुना.

रोगाची भीती निरोगी माणसाला सोडून देते, रोगी बरा झाला की ओसरते, धुतलेल्या हातांनी कमी होते. विटाळ जन्मापासून मरणापर्यंत चिकटतो, आंघोळीने जात नाही, आणि तो एकाच दिशेने वाहतो. शेतात राबलेल्या हातांचे धान्य चालते, त्याच हातांची भाकरी चालत नाही. हे व्याकरण जंतूंचे नाही, सत्तेचे आहे.

उंदीर पडले

भीती शहाणीही असू शकते, आणि त्याचा दाखला याच साथीत आहे. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे, गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी फार लवकर जाणले. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द उच्चारले की बिऱ्हाड हलायचे. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात असे दाखवले, पण त्या वेळच्या सरकारी प्लेग आयोगाने ते मानले नाही. पिसवांचा सिद्धांत भारतात पक्का व्हायला १९०५ नंतरच्या चौकशीची वाट पाहावी लागली.

मधल्या काळात शासनाची उपाययोजना माणसाभोवती फिरत होती: रोगी पकडा, त्याच्या नातलगांना छावणीत टाका, कपडे जाळा, गटारे धुवा, आगगाडीतल्या प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासा. गटारे धुतल्याने उंदीर शेजारच्या वस्तीत गेले असावेत, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले आहे. लोकांची माळावर जाण्याची रीत मात्र रोगाच्या खऱ्या वाटेवर बोट ठेवणारी होती. ती किळसेतून आली नव्हती. मेलेल्या उंदराची किळस नेहमीच असते. पण त्यामुळे कोणी घरदार सोडत नाही. ती आली पाहण्यातून, एकाने दुसऱ्याला सांगण्यातून, काय झाल्यावर काय होते याचा मेळ घालण्यातून. माणसाच्या वर्तनाची खरी प्रतिकारशक्ती मला इथे दिसते, आणि ती शिकलेली आहे.

कोणाच्या हाती

पुण्यातले १८९७ साल सर्वांना माहीत आहे. वॉल्टर चार्ल्स रँड यांची प्लेग समिती, मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सैनिकांकडून घरझडती, २२ जूनची रात्र आणि चापेकर बंधू. त्या वेळच्या संतापात दोन धागे गुंतले होते आणि ते वेगळे करून पाहणे गरजेचे आहे. एक धागा विटाळाचा होता: बूट घातलेले सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. दुसरा माणुसकीचा होता: बायाबापड्यांना उघड्यावर तपासले, माणसांना घरातून ओढून नेले. यातला दुसरा धागा पहिल्याचे निमित्त नव्हता, याचा पुरावा पंडिता रमाबाई देतात. सोवळ्या-ओवळ्याशी ज्यांचे काहीच देणेघेणे उरले नव्हते, अशा त्या ख्रिस्ती बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध केला. त्यांची तक्रार कोणी शिवले याबद्दल नव्हती. कसे वागवले याबद्दल होती.

दुसरा पुरावा अधिक व्यवहारी आहे. मुंबईत आणि पुण्यात निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. पुण्याच्या हिंदू प्लेग रुग्णालयामागे टिळक उभे होते. जी माणसे सरकारी रुग्णालयाच्या नावाने रोगी लपवत होती, तीच या रुग्णालयांत रोगी आणू लागली. रोग तोच, खाटेशेजारच्या खाटेवरचा रोगीही तसाच. बदलला होता तो रोग्याला सांभाळणारा हात. हाफकिनच्या लशीचेही तेच. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे तिसऱ्या आगाखानांनी ती लोकांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा खोजा समाज पुढे आला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी दूषित लशीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि तो विश्वास पुन्हा हादरला.

समाजाची रुग्णालये म्हणजे जातीची रुग्णालये, हे मी विसरलेलो नाही. ज्यांचा समाज रुग्णालय काढण्याइतका श्रीमंत नव्हता, त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या माणसांनी दिले. सत्यशोधक चळवळीचे आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या कामात असतानाच फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्यासह हडपसरजवळच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणल्याचे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. १० मार्च १८९७ रोजी त्या त्याच रोगाने वारल्या. परका आणि रोगी, या दोन्ही कसोट्यांवर घंटा जिथे सर्वांत मोठ्याने वाजायला हवी, तिथे ही माणसे पुढे गेली. थोरांचे अपवाद म्हणून त्यांना बाजूला काढणे सोपे आहे. पण त्यांच्यामागे एक चळवळ होती, आणि चळवळ ही एका माणसाच्या स्वभावाची गोष्ट नसते. स्पर्शाची भीती अनेकांनी मिळून मोडता येते, हे सत्यशोधकांनी साथ येण्याच्या आधीच दोन दशके शिकायला आणि शिकवायला सुरुवात केली होती.

आकड्यांची साक्ष

कोणी म्हणेल, दोन-तीन वर्षांच्या इतिहासाने जगभराच्या आकडेवारीला कसे खोडता येईल? पण आकडेवारीतही या पायरीला तडे गेले आहेत. डॅनियल हृश्का आणि जोसेफ हेन्रिक यांनी २०१३ साली दाखवले की, देशातल्या शासनसंस्था किती भरवशाच्या आहेत हे हिशेबात घेतले, तर आपल्या गोताला धरून राहण्याचा कल रोगराईपेक्षा त्यावरून अधिक नीट समजतो. ज्याला पोलीस, न्यायालय, दवाखाना यांचा भरवसा नाही, तो भावकीला धरून राहणारच. रोगराईही अशाच देशांत अधिक असते. म्हणून दोहोंचा संबंध दिसतो, पण एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

फ्लोरियन फान लेउवेन आणि मिकाएल बँग पेटरसन यांचा २०१८ सालचा अभ्यास आपल्या दृष्टीने आणखी मोलाचा, कारण त्यात अमेरिकेबरोबर भारतातलीही माणसे होती. त्यांचा निष्कर्ष असा की, किळसेची यंत्रणा आजाराची खूण असलेल्या माणसाला टाळते. तो आपला की परका, याने तिला फारसा फरक पडत नाही. प्लेगाच्या कागदपत्रांतून जे हाती लागते त्याच्याशी हे जुळते. किळस ‘सावध’ एवढेच सांगते. कोणापासून, हे तिला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते.

२०२० चा उजळणीपाठ

ते सांगणारे कोण असतात, हे आपण नुकतेच पाहिले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने साथरोग कायदा लागू केला, तो मुंबईच्या प्लेगसाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा तोच कायदा. नवा विषाणू विमानाने आला होता, म्हणजे आणणाऱ्यांकडे पारपत्र होते. पण संशय वळला तो आधीच आखलेल्या रेघांवरून. ईशान्य भारतातल्या तरुण-तरुणींना रस्त्यात ‘करोना’ म्हणून हिणवले गेले. दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्यानंतर मुसलमान भाजीवाल्याला गल्लीत येऊ देईनात. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे केले गेल्याचे म्हटले. मजुरांना गावच्या वेशीवर अडवले. टाळ्या-थाळ्या वाजवणाऱ्या इमारतींनी परिचारिकांना घर सोडायला सांगितले, आणि २२ एप्रिलला केंद्राला अध्यादेश काढून वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी तो जुना कायदा बदलावा लागला.

यातली भीती खरी होती. प्राणवायूच्या नळकांडीसाठी रांगेत उभे राहिलेल्यांना ती खोटी होती असे कोणी सांगू नये. पण परिचारिका आणि भाजीवाला, यांच्याबाबत ‘जंतूंची भीती’ हे एकच स्पष्टीकरण दिले, तर एक मोठा फरक झाकला जातो. परिचारिका रोग्याजवळून येत होती. तिच्याबाबत भीतीला निदान आधार होता, आणि त्यावर उपाय होता तो माहितीचा व मुखपट्टीचा. भाजीवाल्याबाबत तसा आधार नव्हता. तिथे जुन्या द्वेषाने भीतीचा अंगरखा घातला होता. त्याला मुखपट्टी पुरत नाही.

शेवटी

वर्तनाची प्रतिकारशक्ती ही कल्पना टाकून द्यावी, असे मी म्हणत नाही. हात धुण्याची मोहीम कशी आखावी, कुष्ठरोग बरा झालेल्या माणसाशेजारी बसताना आपण नकळत का आकसतो, हे समजायला ती उपयोगी आहे. माझा आक्षेप तिच्या व्याप्तीवर आहे. किळसेचे ज्ञान वापरून माणसांच्या उतरंडीचा उलगडा केला, की उतरंड उभारणारे हात अदृश्य होतात. मग चवदार तळ्यात घागरी ओतणारे लोक एका प्राचीन, निरागस प्रतिक्षिप्त क्रियेचे वाहक ठरतात आणि त्यांच्या निर्णयाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

नोंदी वेगळे सांगतात. तोच समाज देवीच्या रोग्याला हात जोडत होता आणि महारोग्याला हाकलत होता. तीच माणसे एका रुग्णालयावर चालून गेली आणि दुसऱ्याच्या दाराशी आपला रोगी घेऊन आली. जे इतके बदलते, ते ठरवलेले असते. आणि जे ठरवलेले असते, ते पुन्हा ठरवता येते. पुढची साथ येईल तेव्हा भीती आपोआप येईल, तिला बोलवावे लागणार नाही. ती कोणाच्या दारावर जाऊन उभी राहणार, हे मात्र साथ नसतानाच्या वर्षांत ठरत असते: सफाई कामगाराच्या हातमोज्यांत, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेच्या बोलण्यात, आणि आपल्या इमारतीच्या फाटकावर कोणाला हटकले जाते, त्यात.